पुजलेली पेटी आन् साळवे सर

साळवे सर त्या खोलीत शिरले की आधी कान द्यायचे. दिवा लावायच्या आधी, खुर्ची वढायच्या आधी. दारातच थांबायचे, मान जरा तिरपी करायचे. चुलीवर भात ठिवल्याली बाई दुसऱ्या खोलीत बसून कान देती ना, तसं. आत मशिनींचे पंखे घुमायचे. मला तो सगळा एकच आवाज. त्यांना त्यात सात-आठ येगळे आवाज यायचे. "खालच्याचा पंखा कुरकुरतोय मावशी," म्हनायचे, आन् दोन-चार दिसांनी खालचं मशीन खरंच गप व्हायचं. तवर त्यांनी नवा पंखा आनून ठिवल्याला असायचा.

त्यामुळं झालं काय, ह्यो मानूस दिसभर काय करतो हे दवाखान्यात कोनाला कळलंच न्हाई. डॉक्टर लोकं त्यांना 'वायरवाले' म्हनायचे. सर हसायचे. "मावशी, माझं काम दिसत न्हाई. दिसलं की समजा बिघडलं." हे त्यांचं रोजचं बोलनं.

मी त्या दवाखान्यात अकरा वर्सं फरशी पुसली. आमचं मानूस गेलं तवा मी ऊसतोडीला जायची. मंग गुडघं गेलं, कोयता सुटला, आन् फडकं हातात आलं. संगमनेरच्या भायेर नाशिक-पुन्याच्या रस्त्याला ट्रस्टचा दवाखाना. तीन मजले. मी ठेकेदाराची बाई, दवाखान्याची न्हवं. त्यामुळं मला नावानं कोनी वळखायचं न्हाई. "ए बाई", "ओ मावशी", असं. साळवे सरांनी पहिल्या दिवशी इचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हनले, "गयाबाई." तर म्हनले, "गयाबाई मावशी, ह्या खोलीत पोचारा मारताना फडकं घट्ट पिळून घ्या. पानी सांडलं तर माझी भाकरी जाईल." तवापासून मी त्या खोलीत फडकं दोनदा पिळायची.

सर अकोले तालुक्यातले, राजूरच्या वरल्या अंगाचे. माझ्याशी गावचं बोलायचे, साहेबाशी पुस्तकातलं. बौद्ध हुते. कपाळाला काही लावायचे न्हाईत. दवाखान्यात सत्यनारायन असला की यायचे, मागं भिंतीला टेकून उभे राहायचे, परसाद घ्यायचे, पानावरचा कन न् कन खायचे. पर हात जोडायचे न्हाईत. कोनाला नावं ठिवली न्हाईत, कोनाला काही शिकवलं न्हाई. नुसतं हात जोडले न्हाईत. मॅनेजर देशमाने साहेबांना ते खुपायचं. तोंडानं बोलले न्हाईत कदी, पर परसाद देताना सरांच्या हातावर वरनं टाकायचे.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट हुतं. त्यात सगळ्यात वर एक चपटी काळी पेटी, हिरवे दिवे लुकलुकायचे. भायेरची इंटरनेटची तार आधी त्या पेटीत यायची, मंग तिथनं साऱ्या दवाखान्यात. सर म्हनायचे ही राखनदार हाय. चांगलं ते आत सोडती, वाईट ते भायेर ठिवती. आता राखनदाराला बी कोनीतरी हुकूम द्याय पायजे. त्यासाठी तिचं एक पान हुतं, कॉम्प्युटरवर उघडायचं. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, मंग ती आयकायची. ह्याला सोड, त्याला अडव. ते पान ज्याच्या हातात, त्याच्या हातात सारा दवाखाना. एवढं मला कळत हुतं, कारन सर सांगायचे. त्यांना सांगाय दुसरं कोन हुतं?

एकदा मी पुसत हुते तर सर खुर्चीत कागद घेऊन बसल्याले. म्हनले, "मावशी, बसा जरा. एक अर्ज वाचतो. तुमाला समजला तर साहेबांना समजंल."

मी म्हनले, "मी चौथी शिकल्याली बाई, मला काय समजनार?"

"म्हनूनच. इंग्रजीत दोन दिले. ते 'कॉम्प्युटर खरेदी' म्हनून फाइलला लागले. आता मराठीत लिहितोय."

वाचला त्यांनी. मला न्हाई कळला. नुसते मोठे मोठे शब्द. मी सांगितलं, सर, न्हाई कळला. तर कागद बाजूला ठिवला आन् साधं सांगाय लागले. म्हनले, ही पेटी बनवनाऱ्या कंपनीनंच कळवलंय की त्या पानात खोट निघाली हाय. पासवर्ड न टाकता बी आत घुसता येतं. आन् आपल्या इथं ते पान दवाखान्याच्या भायेरनं, जगातनं कुठनं बी उघडतं. पुन्याच्या ज्या लोकांनी पेटी बसवली, त्यांनी तसं ठिवलंय. बिघडलं की त्यांना तिथं बसून दुरुस्त करता यावं, इकडं यायची खेप वाचावी म्हनून.

मी म्हनले, "म्हंजी कुलूप हाय, पर कुलपाचा उपेग न्हाई."

"व्हय."

"आमच्या गोठ्याचं तसंच झालं हुतं. कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी बघते तर कुलूप जागच्या जागी आन् बोकड गेला. बिजागऱ्याचे खिळे भायेरच्या अंगाला हुते, सर. चोरानं खिळे काडले, दार बाजूला उचलून ठिवलं. जाताना परत लावून बी गेला."

सर माझ्याकडं बघत राहिले. मंग पेन घेतला आन् लिहाय लागले. ते समदं जसंच्या तसं अर्जात लिहिलं. गोठा, बोकड, बिजागऱ्या. खाली लिहिलं की दोन कामं करू द्या. एक, ते पान भायेरनं दिसायचं बंद करतो, नुसतं ह्या खोलीतनं उघडंल. दोन, कंपनीनं सुधारना पाठवलीय ती पेटीत भरतो, त्याला अर्धा तास पेटी बंद ठिवावी लागंल. 

मीच तो अर्ज घेऊन आवक-जावकच्या टेबलावर गेले, शिक्का मारून आनला. सरांची ती सवय हुती. तोंडी काही सांगायचे न्हाईत, कागद द्यायचे आन् त्याच्या दुसऱ्या परतीवर शिक्का घ्यायचे. हिरवी फाइल हुती, तिच्यात लावायचे. 

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेबांच्या केबिनीत मी कचऱ्याची बादली भरत हुते. सर उभे, साहेब अर्ज वाचत हुते. वाचता वाचता हसाय लागले. शेजारी बसल्याल्या डॉक्टरला म्हनले, "ऐका, ऐका. आमच्या दवाखान्यात बोकड शिरलाय." डॉक्टर बी हसले. 

साहेब म्हनले, "साळवे, कुलूप आहे ना?"

"आहे साहेब."

"पासवर्ड कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं आणि पुण्याच्या लोकांकडं."

"मग चोर येणार कुठून? तुम्ही देणार की ते देणार?" 

"साहेब, तेच लिहिलंय. पासवर्ड लागतच नाही."

"पुण्याचे लोक म्हणतात बाहेरचं बंद केलं तर ते जबाबदारी घेणार नाहीत. आणि अर्धा तास बंद कधी करू? ओपीडी चालू असते, लॅब चालू असते, मेडिकलचं चालू असतं. एखादा मोकळा दिवस बघा."

सर म्हनले, "दसऱ्याला ओपीडी बंद असते. दसऱ्याला करतो."

"बघू."

भायेर आल्यावर सर मला म्हनले, "बघू म्हनले मावशी. न्हाई म्हनले न्हाईत." त्यांना तेवढ्यानं बरं वाटलं हुतं. तसाच मानूस.

खंडेनवमीला आमच्या दवाखान्यात हत्यारं पुजत्यात. ऑपरेशनच्या सुऱ्या, कात्र्या, एक्सऱ्याचं मशीन, अँब्युलन्स. साहेबांनी मला सांगितलं, "मावशी, कॉम्प्युटरची खोली पण घ्या यंदा. तिथं कुणी लक्ष देत नाही." मी अंघोळ करून आल्ते. कपाटाला झेंडूची माळ घातली. पेटीला हळदकुकू लावलं, वर एक नारळ ठिवला. आमच्याकडं रीत अशी की नवमीला पुजल्यालं हत्यार दसरा पार पडूस्तर हलवायचं न्हाई, चालवायचं न्हाई. नांगर असो, इळा असो. दसऱ्याला सोनं लुटून आलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरायची.

आता सुऱ्या-कात्र्यांचं काय, म्हनाल. नवमीच्याच दुपारी एक बाई अडली तर त्याच सुरीनं तिचं पोट उघडलं. त्याला कोनी काय म्हनलं न्हाई. ते बरोबरच हुतं. 

दसऱ्याला दुपारी सर आले. दवाखाना सामसूम. पायरीवर चपला काडल्या, दारात थांबले, कान दिला. मंग पेटी बघितली, तिच्यावरचा नारळ बघितला. 

मला म्हनले, "मावशी, हा नारळ तुमी उचलता का? मी हात लावला तर वाईट दिसंल."

मी उचलला असता. खरं सांगते, हात पुडं केला हुता. तेवढ्यात देशमाने साहेब आले. घरी जाताना डोकावले असतील. अंगावर नवा सदरा, खिशात आपट्याची पानं. 

"काय चाललंय?"

"साहेब, ते अर्धा तास पेटी बंद करायची होती. दसऱ्याला करतो म्हणालो होतो."

"पूजा केलेली दिसत नाही का?"

"साहेब, एक्सरे चालू आहे. अँब्युलन्स आत्ताच घोटीला गेली. ही पण तशीच गरजेची—"

"साळवे," साहेब म्हनले, अगदी हळू म्हनले, "पूजेचं आम्हाला तुम्ही नका सांगू."

खोलीत मी हुते, ते दोगं हुते, मशिनीचे पंखे हुते. सरांनी मानेवरनं हात फिरवला. साहेबांनी एक आपट्याचं पान त्यांच्या हातात दिलं, "रविवारी करा," म्हनले, आन् गेले.

मी म्हनले, "सर, राहू द्या आज. उगं तुमच्यावर बोट यील. रविवार काय लांब हाय?" 

हे मी म्हनले. माझ्या मनात त्यांचं भलंच हुतं. मंग मला वरच्या मजल्यावर परसाद वाटायला जायाचं हुतं, मी गेले. परत आले तर सर दार लावून निघून गेल्ते. नारळ जागच्या जागी. 

रविवार उजाडलाच न्हाई. शुक्रवारी सकाळी मी आत आले तर केसपेपरच्या खिडकीपुडं ही गर्दी. आतली पोरगी रडकुंडीला आल्याली. साऱ्या कॉम्प्युटरवर एकच इंग्रजी कागद दिसत हुता, पैसे भरा तरच समदं परत उघडंल असा, दुसरं काही उघडत न्हवतं. लॅबचे रिपोर्ट गेले, एक्सरे गेले, कोनाला कोनतं औषध चालू हाय ते गेलं. वह्या आनल्या, हातानं लिहाय लागले. राजूरकडचा एक म्हातारा, त्याचं त्या दिवशी ऑपरेशन हुतं. समदे रिपोर्ट मशिनीत. डॉक्टर म्हनले परत रक्त द्या, परत फोटो काडा. म्हातारा म्हनला, "कालच तर काडलं रगत." त्याला कोन काय सांगनार? बाकड्यावर बसून राहिला दिसभर, बिनपान्याचा, कारन उपाशी राहा म्हनून सांगितल्यालं, आन् खा म्हनून सांगाय कोनी आलंच न्हाई. मी सांजच्याला त्याला चहा दिला.

सर आले तवा पळत आले. त्या दिवशी त्यांनी कान दिला न्हाई. सरळ आत जाऊन भायेरची तार उपटली. मंग खुर्चीत बसले. घरनं आनल्याल्या आपल्या लॅपटॉपवर पेटीचं पान उघडलं, तर त्या पानावर एक नवंच नाव हुतं, हुकूम देनाऱ्यांत. ते कोनाचं, कुठलं, कोनाला ठावं न्हाई. ते नाव सरांनी बोटानं मला दावलं आन् म्हनले, "हे बघा मावशी. कुलूप जागच्या जागी हाय."

पुडं आठ-धा दिस मी त्यांना खोलीतच बघितलं. कपाटात त्यांनी एका डबीत साऱ्याची नक्कल काडून ठिवल्याली, तारंला न जोडता, येगळी. महिन्याभरापूर्वीची. त्यातनं एकेक करून जुनं परत आनलं. मेडिकल चालू झालं, लॅब चालू झाली. डबा खायाचे न्हाईत. मी भाकरीवर चटनी घालून हातात द्यायची, ती एका हातानं खायाचे, डोळे मशिनीवर. एक डॉक्टर येऊन म्हनले, "वायरवाले, वाचवलंत हो." सर म्हनले, "महिन्याभराचं गेलं, सर." त्यांना गेल्यालंच दिसत हुतं.

मंग चौकशी बसली. देशमाने साहेब, ट्रस्टचे एक म्हातारे गृहस्थ, आन् पुन्याच्या कंपनीचा मानूस, ज्यांनी पेटी बसवल्याली. मला चहा द्यायला आत ठिवलं. त्यामुळं मी आयकलं.

पुन्याचा मानूस म्हनला, "कुठलंही कुलूप फुटलेलं नाही. कुणीतरी आत सोडलंय."

सरांनी हिरवी फाइल काडली. एकेक अर्ज पुडं ठिवला, शिक्क्यासकट. ट्रस्टच्या म्हाताऱ्यानं मराठी अर्ज वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता कळलं. आता सुटले सर.

म्हातारा म्हनला, "चोरी कशी होईल ते तुम्ही आधीच लिहून ठेवलंत."

"सावध करायला लिहिलं, साहेब."

"अगदी तसंच झालं."

"हो साहेब."

"ह्या दवाखान्यात ही रीत तुमच्याशिवाय कुणाला माहीत होती?"

ह्याला काय उत्तर हाय? मला तर आजून सापडलं न्हाई. ज्यानं वरडून सांगितलं दाराचे खिळे भायेर हायेत, त्यालाच इचारत्यात, तुला खिळे ठावं कसे. ती नक्कल काडल्याली डबी, जिच्यावर दवाखाना परत उभा राहिला, तिचं बी तसंच. पुन्याचा मानूस म्हनला, "कॉपी आधीच काढून ठेवली होती, म्हणजे तयारी होती."

मंग मला बसवलं. खुर्चीवर. त्या केबिनीत मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. 

देशमाने साहेब म्हनले, "मावशी, दसऱ्याला साळवे खोलीत आले होते?"

"आल्ते."

"तुम्ही पूर्ण वेळ तिथं होता?"

"न्हाई. परसाद वाटाय गेले."

"म्हणजे त्या वेळी साळवे एकटेच."

"एकटे, पर त्यांनी हात बी लावला न्हाई, साहेब. नारळ जसाच्या तसा हुता. तुमीच नको म्हनला, आन् मी बी नको म्हनले, म्हनून तर—"

"बरं बरं. लिहून घ्या."

क्लार्कानं लिहिलं, भरभर वाचून दावलं. माझ्या कानांवरनं गेलं. मला सही येती. चार अक्षरं, एकेक काडते. सगळे थांबले माझी सही हुईस्तर. सर समोरच बसल्याले. ते माझ्या पेनाकडं बघत हुते, का टेबलाकडं, ते मला कळलं न्हाई.

चार दिसांनी आवक-जावकच्या बाईनं मला तो कागद वाचून दावला. त्यावर एवढंच, की दसऱ्याच्या दिवशी दुपारी साळवे हे सदर खोलीत एकटे होते, हे मी समक्ष पाहिले. खाली माझी सही. नारळाचं न्हाई. साहेबांनी नको म्हनल्याचं न्हाई. एकटे असताना मी समक्ष कशी असंन, हे बी कोनी बघितलं न्हाई.

मी साहेबांकडं गेले. म्हनले, "त्यात माझं पुडचं बोलनं घाला."

साहेब म्हनले, "मावशी, कागद वर गेला. आता ट्रस्टकडं आहे."

"मंग वर जाऊन सांगते."

"जा की. पण ठेकेदाराची नवीन यादी होतीये ह्या महिन्यात. तुमचं वय किती लावलंय त्यात?"

मी गेले न्हाई. हे मी लपवत न्हाई. घरात सून बाळंत झाल्याली, ल्योक पडून हुता. मी फडकं घेतलं आन् पायऱ्या पुसाय लागले.

ट्रस्टवाले सरांना म्हनले, राजीनामा द्या, पोलिसात नाव देत न्हाई. सरांनी लिहून दिला. त्याच्या बी दुसऱ्या परतीवर शिक्का घेतला. खोलीतल्या साऱ्या मशिनींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कुठली तार कुठं जाती ते बारीक अक्षरात लिहून. येनाऱ्या मानसाची अडचन हू नये म्हनून. जाताना देशमाने साहेबांना एवढंच म्हनले, "ते पान बाहेरून बंद करा, साहेब. नवीन माणूस येईपर्यंत थांबू नका." साहेब म्हनले, "करतो." सर पायऱ्या उतरले. मी तिथंच पुसत हुते. फरशी वली हुती, म्हनून कडंकडंनं गेले. म्हनले, "येतो मावशी." मी "या" म्हनले. 

ठेकेदारानं सहा महिन्यांनी मला बी काडलं. गप राहून काही वाचलं न्हाई.

मंग मी शिर्डीला गेले, भाचीकडं. तिचं फुलांचं दुकान हाय मंदिराच्या रस्त्याला. मी बसून हार वोवते. गुडघ्याला ते बरं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी समोरच्या लॉजच्या भिंतीला कोनीतरी शिडी लावत हुतं. पाठमोरा मानूस, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. वळला तर साळवे सर. दाढी पांढरी झाल्याली. मला बघितलं आन् सरळ माझ्याकडं आले. 

"गयाबाई मावशी. गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच. तुमी हितं काय करता?"

"लॉजवाल्यांचं वायफाय बसवतो. कॅमेरे लावतो. तिकडं नोकरी कोन देनार? जिथं जाईन तिथं आधीच्या दवाखान्याला फोन करत्यात." इकडं-तिकडं बघितलं. "मावशी, हितं गर्दी शिडीला धक्का मारती. जरा धरता का?"

मी हार खाली ठिवला, गेले, शिडी धरली. सर वर चढले. खिळे तोंडात धरून भिंतीला वायर ठोकाय लागले. मानसं माझ्या अंगाला घासून चालल्याली. मला वाटलं, आता न्हाई बोलले तर कदीच न्हाई.

मी वर बघून म्हनले, "सर, त्या कागदावर माझी सही हाय."

वरची ठोकाठोक थांबली. तोंडातले खिळे हातात घेतले असतील.

"म्हाईत हाय मावशी. मला झेरॉक्स दिल्ती."

"मी तेवढंच न्हवतं सांगितलं."

"ते बी म्हाईत हाय. मी समोरच बसलो हुतो की."

परत ठोकाय लागले. एक खिळा, दुसरा खिळा. मंग वरनंच म्हनले, "ते पान आजून उघडंच हाय."

"कुठलं?"

"पेटीचं. दवाखान्याचं. परवा घरनं बघितलं. आत गेलो न्हाई, नुसतं दार बघितलं. भायेरनं दिसतंय, पहिल्यासारखं. सुधारना बी भरल्याली दिसत न्हाई."

"मंग सांगा की त्यांना."

"कोन सांगनार? मी?"

मी मंग म्हनले, "मी सांगते जाऊन."

सर हसले. वाईट न्हाई हसले. "तुमाला कोनी सांगितलं, असं इचारतील. मंग काय सांगाल?"

माझ्या मनात तो राजूरकडचा म्हातारा आला, बाकड्यावर बसल्याला. तसे आज बी तिथं किती बसले असतील. त्यांना काय ठावं. मला ठावं हाय, सरांना ठावं हाय, आन् आमी दोगं हितं शिर्डीत, एक शिडीवर, एक शिडीखाली.

सर उतरले. हातानं भिंतीवरची धूळ झाडली. लॉजवाल्यानं आतनं हाक मारली, पलीकडच्या गल्लीतलं बी आजच करून द्या. "व्हय, आलो," म्हनले. मी हार देऊ लागले तर म्हनले, "ऱ्हाऊ द्या मावशी, हात मोकळा न्हाई." शिडी आडवी करून खांद्यावर घेतली आन् निघाले. रस्ता मानसांनी भरल्याला. पाच-पन्नास पावलांत सर दिसंनासे झाले. शिडीचं मागलं टोक तेवढं डोक्यांच्या वर हलत हुतं. मानसं बिनबघता बाजूला हुयाची आन् परत रस्ता भरून जायाचा.